जिवंत माणसाचं माप

मोठे भाऊजी मरता मरत नव्हते, आणि मोठीबाईचा धीर सुटत चालला होता.

थंडी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, आता मनाची तयारी करा. थंडी संपली. मधल्या काळात तो डॉक्टरच तापानं आडवा झाला, उठला, परत कामाला लागला, आणि भाऊजी होते तिथंच होते. पार्टिशनच्या पलीकडे, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, खोकत. मोठीबाई सकाळी डोळ्यांच्या आधी कान उघडायची. पलीकडून खोकला आला की म्हणायची, "आहेत अजून." हे ती देवालाच ऐकवायची. खोलीत दुसरं होतं कोण?

घराला लागून सासऱ्यांनी बांधलेला कारखाना होता. शवपेट्यांचा. सासऱ्यांमागं दोघे भाऊ एका छताखाली काम करायचे, धाकटा म्हणजे मोठीबाईचा नवरा आणि थोरले हे भाऊजी. नवरा गेला आणि ती नि भाऊजी समोरासमोर आले. ती म्हणायची, मेलेला माणूस थांबत नाही, पेटी संध्याकाळपर्यंत झाली पाहिजे. भाऊजी म्हणायचे, अगं, जगात घाई नसलेलं गिऱ्हाईक एकच, मेलेलं. तेवढ्यावरून दोघांनी इतकं भांडण केलं की शेजारच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं खुर्चीतून उठून दारात येऊन उभी राहायची, अर्ध्या दाढीनं. शेवटी मोठीबाईनं स्वतः उभं राहून घर-कारखान्याच्या मधोमध प्लायवुडचं पार्टिशन मारून घेतलं. इकडचं तिचं, तिकडचं त्यांचं. लग्न-बिग्न भाऊजींनी केलं नव्हतं, त्यामुळं तिकडं भांडायलाही कुणी नव्हतं. सगळी गल्ली तिला मोठीबाई म्हणायची, पोलीससुद्धा. हा एकच माणूस अजून तिला 'धाकटे' म्हणून हाक मारायचा, आणि ती हाक तिला पायात मोडलेल्या काट्यासारखी सलायची.

हे सगळं ती गिळून बसली असती. गिळता आलं नाही ते लेकाचं.

लेक एकुलता एक, पण हाताचा मंद. आळशी नव्हे, मंद. फळीवर रंधा मारायला लागला की आधी फळीवरून हात फिरवणार, मग ती उलटी करणार, मग तिच्याकडं बघत बसणार, जसं काही हा पोर बघायला आलाय. एकदा एक गिऱ्हाईक दारात रडत उभं, आणि हा आपला बघतोय. मोठीबाईनं सगळ्यांसमोर रंधा त्याच्या हातातून हिसकावला. म्हणाली, "आण इकडे. तुझं होईपर्यंत ह्यांच्या घरातला अजून एक जाईल." रडणारं गिऱ्हाईक पण हसलं. लेकानं अंगावरचा भुसा झटकला आणि पार्टिशनला वळसा घालून पलीकडे गेला. काकांकडे. तो गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी ती प्लायवुडला तोंड लावून ओरडली होती, "येणार आहेस की नाही?" तिकडून लेक शांतपणे म्हणाला, "मोठेकाका आहेत तोवर मी इकडून हलणार नाही."

मोठीबाई शाळेत फार गेली नव्हती, पण वाक्य कसं धरायचं हे तिला बरोबर कळायचं. काका आहेत तोवर. म्हणजे काका नसले की. ते वाक्य तिनं पदराला बांधलं आणि त्यावर पाच वर्षं काढली. मग भाऊजी आजारी पडले, आणि तिला वाटलं, आली बाई देवाची वेळ.

ती देवाला भिणारी बाई होती. चर्चमध्ये पुढचा बाक तिचा, दुसरं कुणी बसलं तर ती फक्त शेजारी उभी राहायची, बसणारा आपोआप उठायचा. भाऊजींना उचल असं तिनं एकदाही प्रार्थनेत म्हटलं नाही. ती एवढंच म्हणायची, "प्रभू, तुझी वेळ लवकर येऊ दे." नाव कशाला घ्यायचं? त्याला पत्ता ठाऊक आहे.

पाळक भाऊजींसाठी प्रार्थना करायला आले की जाताना पाच मिनिटं तिच्याकडंही बसायचे. नवीनच आलेले, पोरसवदा, दाढी गालावर कुठं आहे कुठं नाही.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"शांत आहेत. वाट पाहतायत."

"कुणाची? आम्ही तर सगळे इथंच आहोत."

पाळकांनी चहाच्या कपात पाहिलं. "मोठीबाई, प्रत्येक गोष्टीची वेळ देवानं नेमलेली असते. आपल्या हातात धीर धरणं."

"धीर! बाळा, तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी धीरच धरतेय. धरून धरून हाताला घट्टे पडलेत, बघ."

"धीर म्हणजे दात-ओठ खात बसणं नव्हे," पाळक म्हणाले. दाढी धड नसली तरी माणूस भित्रा नव्हता. "त्याच्या वेळेवर भरवसा ठेवायचा आणि आपण तयारीत राहायचं. मनानं."

मोठीबाईनं मान डोलावली. तयारी हा शब्द तिला आवडला. 'मनानं' म्हटलेलं तिच्या कानापर्यंत आलं, पण आत बसायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री तिचा पगारी माणूस, एका खिळ्याला दोन सिगारेटी ओढणारा.

"लांब फळ्या काढ. पेटी करायचीय. चांगल्या लाकडाची."

"कुणाची?"

तिनं हनुवटीनं पार्टिशनकडं दाखवलं. मिस्त्रीनं तोंडातली सिगारेट काढून कानावर ठेवली. "मोठीबाई, आपल्या धंद्यात सतरा लबाड्या चालतात, पण जिवंत माणसाचं माप घेत नाहीत. लाकूड कुणाच्या नावानं कापलं की..."

"तुला कोण म्हणतंय माप घे? तयार पेट्यांतली एक तरी त्यांना पुरेल का, सांग. एवढा ताडमाड माणूस. ऐन वेळी पाय दुमडणार आहेस त्यांचे?"

"पण मापाशिवाय..."

"स्वयंपाकघराच्या चौकटीला येता-जाता डोकं आपटायचं त्यांचं. चौकट मोज आणि वर चार बोटं धर. चौकट काय जिवंत आहे का?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. नियमात चौकटीबद्दल काही नव्हतं. त्यानं चौकट मोजली, फळ्या काढल्या आणि रंधा हातात घेतला. मोठीबाई स्टूल टाकून समोर बसली. तिच्या देखत काम भरभर व्हायचं. भरभर आणि कसंतरी.

तिसरी फळी चालू असताना प्लायवुडवर टकटक झाली. बोटाच्या पेरानं, हळू.

"धाकटे."

महिनाभर त्या घशातून नीट शब्द आला नव्हता. मिस्त्रीचा रंधा जागच्या जागी थांबला.

"काय हो?"

"फळी लांब आहे गं. मिस्त्री रंध्याबरोबर चालतोय, पावलं ऐकू येतायत. आखूड फळीला माणूस जागेवर उभा राहून काम करतो."

"असेल लांब. तुम्हाला काय त्याचं? पडून राहा."

"कोण एवढं उंच गेलं गावात?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"गेलं ना पण?"

खोटं बोलायला मोठीबाईची कधी हरकत नव्हती, पण त्यासाठी आधी थोडा विचार करावा लागतो, आणि तिची जीभ नेहमी विचाराच्या पुढं धावायची. "नाही अजून," ती म्हणून बसली.

पलीकडे खाट करकरली. मग कोरडं हसू, हसण्यातून खोकला, खोकल्यातून गुदमरणं, भांडं पडल्याचा आवाज, लेकाची धावपळ. आणि मग लेक स्वतः पार्टिशनला वळसा घालून आला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

तिच्या मनात इतक्या वेळा तो त्या वळणावरून आला होता. कधी दमून, कधी रडत, एकदा तर हातात पिशवी घेऊन. या तोंडानं तो एकदाही आला नव्हता.

त्यानं फळ्या पाहिल्या. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मिस्त्रीनं पेन्सिलीनं मारलेली खूण पाहिली.

"एवढी घाई?"

"पाळकांनीच सांगितलं, तयारीत राहा."

"पाळकांनी हे सांगितलं?"

"मग काय ऐन वेळी धावायचं? मी कुणाला मारलं नाही. चांगलं लाकूड काढलंय, बाजारात भाव विचार. बाहेरची बाई एवढं तरी करते का?"

"मी म्हणालो होतो, काका आहेत तोवर." लेकाचा आवाज चढत नसे, हीच तर त्याची खोड. "तू तेच धरून बसली होतीस ना? मग आता नीट ऐक. काका नसले तरी मी इकडं येणार नाही. दुसऱ्या गावात काम बघेन."

तो निघून गेला. मिस्त्रीनं कानावरची सिगारेट काढली. मोठीबाई म्हणाली, "इथं पेटवलीस तर तुझीच पेटी करीन," पण त्या धमकीत रोजचा दम नव्हता. ती स्टुलावरून उठलीच नाही. पाच वर्षं पदराला बांधलेलं तिनं आज स्वतःच्या हातानं सोडून वाऱ्यावर दिलं होतं. आणि वर आकाशात जो कोणी होता, त्यानं तर तिला काहीच केलं नव्हतं. नुसता थांबला होता.

तिला त्याचाच राग आला. चांगलं ठसठशीत बोलली ती. "बघत बसलास. तुला हेच हवं होतं. मी तुझ्या वेळेची वाट बघत होते आणि तू माझी गंमत." देवाशी असं बोलू नये हे तिला ठाऊक होतं. पण गप्प बसून मनात तेच म्हणावं, तर ते त्याला ऐकू येत नाही का?

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पेटी ठोकून पुरी केली, आणि तमाशा झाला. भाऊजींनी हट्ट धरला, मला पेटी बघायचीय. लेक नको नको म्हणत होता. शेवटी मिस्त्री आणि तो, दोघांनी खुर्चीत बसवून म्हाताऱ्याला इकडं आणलं. अंगावर चादर, चादरीच्या आत नुसती हाडं, पण डोळे तेच, लाकडातली गाठ शोधणारे. मोठीबाईला वाटलं, आता शिव्या. ती कंबर कसून उभी राहिली.

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी पेटीच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, नखानं जोड चाचपला.

"हे काय आहे?"

"जोड," मिस्त्री म्हणाला.

"ह्याला जोड म्हणतोस? ह्यातून माझी टाच बाहेर येईल. सगळी मंडळी जमलेली असेल, पाळक प्रार्थना करत असेल, आणि माझी टाच." त्यांना दम लागला. दम खाऊन म्हणाले, "खांद्यात अरुंदही आहे. धाकटे, चौकटीवरून उंची काढलीस. रुंदी कशावरून काढलीस, खिडकीवरून?"

"अंदाजानं," मोठीबाई म्हणाली.

"तुझा अंदाज! ह्या पेटीत मी मरणार नाही. सांगून ठेवतो. देवानं बोलावलं तरी म्हणेन, थांब, पेटी नीट होऊ दे."

"थांबवा मग त्याला. तुमचं ऐकतोच तो."

"माझं ऐकतो की नाही माहीत नाही. तुझं ऐकत नाही, हे सहा महिने बघतोय."

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून हसला. मोठीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग भाऊजी लेकाकडं वळले. "खोल ही. सगळी. लाकूड चांगलं आहे, ते वाया घालवू नको. तू कर."

"मी नाही करणार हे, काका."

"मग कोण करणार? हा धुराडा? तुझ्या बापाची मी केली. माझी तू करायची. आणि इथंच कर, ह्या बाजूला. तिकडं माझ्या कानाशी नको, झोप लागत नाही. तू इकडं असेपर्यंत माझ्यापाशी ही बसेल."

"मी?" मोठीबाई म्हणाली.

"ही?" लेक म्हणाला. तेवढं मात्र मायलेकांचं एका सुरात निघालं.

"मग काय भिंत बसेल? पाणी कोण देणार मला?"

अशी ती पार्टिशनच्या पलीकडे गेली. स्वतः मारलेल्या पार्टिशनच्या. खाटेशेजारी स्टुलावर बसली, हातात पाण्याचं भांडं, आणि प्लायवुडमधून तिच्याच कारखान्यातून तिच्याच लेकाच्या कामाचे आवाज यायला लागले. आधी ठोकळ्यानं जोड सोडवल्याचे. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"झोपला की काय?" ती पुटपुटली.

"फळीकडं बघतोय," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "बघू दे. तू पाणी सांडू नको."

दोघांचं एक मिनिट पटलं नाही. दूध गरम दिलं तर तोंड भाजतेस, गार दिलं तर उपकार करतेस. उशी वर घेतली तर मान मोडतेस. ती म्हणायची, "मरताना तरी माणूस नरम होतो." ते म्हणायचे, "तू बघ होऊन." एकदा पाठीला तेल लावताना तिचा हात थांबला. केवढी रुंद पाठ होती ही. ह्या पाठीवर बसून लेक लहानपणी कारखानाभर फिरायचा, आणि ती ओरडायची, कामाच्या वेळी काय चाललंय. तिनं तेल जरा जोरानंच रगडलं.

"कातडं काढतेस का?" भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "मी त्याला तिकडं तुझ्यासाठी पाठवला नाही. उगीच फुगू नकोस."

"मी कशाला फुगू?"

"मी गेल्यावर तो एकटा पडेल. चिडून दुसऱ्या गावी जाईल आणि कुणा अनोळखी माणसाच्या हाताखाली मान खाली घालून राहील. तू कडू आहेस, पण त्याची आहेस. आता परत हाकलू नको त्याला."

मोठीबाईनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. बोलण्यासारखं तोंडात खूप होतं, पण तेलाचा हात पुसायला फडकं सापडत नव्हतं.

रोज थोडं थोडं काम पुढं सरकत होतं. रंध्याचा आवाज यायचा, लांब, सावकाश, मधेच थांबायचा. पहिल्या दिवसांत तिला वाटायचं उठावं, जाऊन म्हणावं, आण इकडे. पायात तशी सरसर यायची. पण उठली असती तर तो निघून गेला असता, हे तिला पक्कं कळलं होतं. म्हणून ती स्टूल धरून बसायची, वादळात बोटीचा काठ धरावा तशी. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की आपण उलटंच मागतोय. पेटी झाली की तो जाणार. पेटी झाली की हा म्हातारा सुटणार. आणि आपण इथं बसून म्हणतोय, होऊ नको इतक्यात.

भाऊजी झोपले होते. श्वास वर अडकायचा, आणि तिचाही अडकायचा, तो खाली येईपर्यंत.

तिनं पदर डोक्यावरून घेतला. "प्रभू," ती म्हणाली, अगदी हळू, म्हाताऱ्याला ऐकू गेलं तर आयुष्यभर ऐकवेल म्हणून. "मी लवकर लवकर म्हणत होते, ते मागं घेत नाही. मागं घ्यायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. पण तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. माझं ऐकलं असतंस तर आज हा माणूस गेलेला असता, आणि लेकही. तुला काय करायचंय ते तू तुझ्या हिशोबानं कर. मी मधे बोलणार नाही. बोलले तर तोंड धर माझं." मग आठवून म्हणाली, "आमेन."

"आमेन," खाटेवरून आवाज आला.

"तुम्ही जागे आहात?"

"तुझी प्रार्थना चालू असताना कोण झोपेल? अर्धी त्यालाच दम देण्यात गेली."

"कान किडलेत तुमचे मेले."

"किडले तरी ऐकू येतंय. रंधा थांबला बघ. आता जोडाचं काम."

खरंच तिकडं शांत झालं होतं. थोड्या वेळानं पार्टिशनच्या कडेला लेक उभा राहिला. केसांत भुसा, हाताला सरस. काकांकडं बघून त्यानं विचारलं, "झोपलेत?" भाऊजींनी घट्ट डोळे मिटले होते, लबाड कुठले.

"हं," मोठीबाई म्हणाली.

लेक उभाच राहिला. त्याला काही मागायचं होतं आणि मागायची इच्छा नव्हती, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. "मिस्त्री कुठं गेलाय कोण जाणे. फळी लांब आहे, शिकंजा पुरत नाही. सरस धरेपर्यंत दुसरं टोक कुणीतरी दाबून धरायला हवं." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "आई, येतेस?"

ती गेली. त्यानं दाखवलं तिथं दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकला. तो दुसऱ्या टोकाला होता, मधे भाऊजींची पेटी. जोड सरळ होता. सरळ होता की नाही हे तिला नीट दिसलंही नाही, डोळ्यांत भुसा गेला असावा. तिनं विचारलं नाही, किती वेळ. त्यानं सांगितलं नाही. मनगटं दुखायला लागली, मग खांदे. ओठांवर दहा वाक्यं येऊन उभी राहिली आणि एकेक करून माघारी गेली.

"धाकटे!" पलीकडून हाक आली. "पाणी!"

"थांबा जरा, हात गुंतलेत!"

"मी काय मरू इथं?"

"आज नाही!" मोठीबाई ओरडली. "आज कुणाला वेळ नाही!"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून ते कोरडं हसू. लेकानं मान वर केली नाही. तिच्या हातांकडं बघत तो एवढंच म्हणाला, "हलू नकोस."

ती हलली नाही.